घोड्याच्या बदल्यात पाणी

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. मस्कतपासून लांब, डोंगरातल्या आमच्या हैल गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मुलींच्या शाळेत मी इतिहास-भूगोल शिकवते. पूर्वी माझ्या तासाला खडू उडायचे, आता त्याला बंदी आहे, म्हणून मी नुसते डोळे वटारते.

सातवीला 'पाणी आणि वस्ती' असा एक धडा आहे. आता बघा, आमच्या गावात पाणी म्हणजे फलज. डोंगराच्या पोटातल्या मूळ विहिरीतून निघून आधी जमिनीखालून आणि मग उघड्यावरून गावात येणारा पाट. त्याच्या पाळीवरून आमच्याकडे ठरलेल्या सोयरिकी मोडल्यात, सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला गेले नाहीत. आपली पाळी संपल्यावर एखाद्याने पाटाची दारं बंद करायला जरा उशीर केला, तर त्याच्या नातवापर्यंत लोक ते ऐकवतात. अशा गावातल्या पोरी, आणि पाण्याच्या धड्याला ढाराढूर झोपायच्या. वर्षानुवर्षं मी तो धडा वाचून दाखवला. पालथ्या घड्यावर पाणी.

एकदा माझा तोल गेला. "तुमच्या घरी जेवताना पाण्याशिवाय दुसरा विषय नसतो, आणि इथे डोळे उघडे ठेवता येत नाहीत तुम्हाला?"

पहिल्या बाकावर गालिया बसते. जिभेला हाड नाही त्या पोरीच्या. ती म्हणाली, "बाई, घरी भांडण असतं. पुस्तकात कुठाय भांडण?"

मी तिला उभं केलं, पण घरी जाताना तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. कार्टी खरं बोलली होती.

त्याच आठवड्यात बहिणीकडे गेले, तर तिच्या दोन्ही पोरी पडद्यासमोर कडाकडा भांडत होत्या. ठोकळ्यांचा खेळ. माती खणायची, भिंती रचायच्या, गुरं पाळायची, गाव वसवायचं. धाकटीने नदीकाठी घर बांधलं होतं आणि थोरली म्हणत होती, पाण्याची जागा आधी मी पाहिली. मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले. बहीण म्हणाली, "काय गं, रया, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, मला आयुष्यात इतकं बरं वाटलं नव्हतं.

आमच्या मोठ्या बाई म्हणजे जुवैना बिन्त हिलाल. गावातल्याच, थोरामोठ्या घरातल्या, आणि शब्दाच्या इतक्या पक्क्या की एकदा नाही म्हणाल्या की विषय संपला. संगणकाच्या खोलीत सातवीला खेळ खेळवायचाय म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शाळेत खेळ? उद्या म्हणशील मधल्या सुट्टीत लग्न लावू."

मी सगळं समजावलं. आपलंच गाव पोरींनी ठोकळ्यांत बांधायचं, पाट आणायचा, वाटण्या करायच्या. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "सहामाहीपर्यंत चालव. खात्याच्या तपासणीस बाई येतील, त्या बघतील. पण एक ऐकून ठेव, रया. एका घरातून, एकाही घरातून तक्रार आली, तर त्याच दिवशी यंत्रं बंद आणि तू पुस्तकावर. पोरींचे आईबाप मला विचारायला आले तर मी काय सांगू, तुमच्या मुली शाळेत घोडे पळवतात म्हणून?"

मी कबूल केलं. दुसरा इलाज नव्हता.

पहिल्याच तासाला गंमत झाली. त्या खेळात पाणी म्हणजे काहीच नाही. बादली घ्या, हवी तिथे ओता, झरा तयार. आयुष्यभर वाहतो, आटत नाही. मी तसं दाखवलं आणि म्हटलं, ओता आपापल्या बागेत. कुणी माऊसला हात लावेना.

"काय झालं?"

"बाई, असं कसं?" गालिया म्हणाली. "तिथे पाणी कुठून येईल?"

"खेळ आहे गं."

"खेळ असला म्हणून काय झालं. लोक काय म्हणतील?"

कुठले लोक, कुणास ठाऊक. पण एकही पोरगी बादली ओतायला तयार होईना. त्यांनी काय केलं, पार लांब डोंगर रचला, त्याच्या पोटात मूळ विहीर खणली, तिथे एक, फक्त एकच बादली ओतली आणि तिथून बोगदा खणत खणत पाट गावात आणला. मध्ये मध्ये आत उतरायच्या विहिरी सोडल्या. पाट गावात शिरला तिथे प्यायच्या पाण्याची जागा, मग मशिदीची, मग बायकांच्या न्हाणीची, आणि मग बागा. कुणी शिकवलं नव्हतं. दोन आठवडे त्यात गेले आणि घंटा झाली तरी उठेनात. माझ्या तासाला पोरी उठेनात, म्हणजे जागेपणी. मी खिडकीशी जाऊन तोंड फिरवून हसून घेतलं. इतकी वर्षं मी हेच मागत होते देवाकडे.

मग वाटणी आली. प्रत्येकीने घरी विचारून यायचं, आपल्या बागेची पाळी किती, आणि खेळातल्या सूर्याप्रमाणे तेवढा वेळ घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पाळ्या फळ्यावर मांडून बेरीज केली, तर दिवस मावळून दुसरा अर्धा उलटला तरी पाळ्या संपेनात. प्रत्येक घरी बाप आपला वाटा फुगवूनच सांगतो, हे मला माहीत होतं. पोरींना नव्हतं. त्या फळ्याकडे बघत बसल्या.

"म्हणजे कुणीतरी खोटं बोलतंय," एक म्हणाली.

"सगळेच," गालिया म्हणाली. आणि मग अपूर्णांकांचा असा काही गदारोळ झाला की शेजारच्या वर्गावरच्या गणिताच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं मारामारी आहे. मारामारीच होती, पण एक अष्टमांश मोठा की एक षष्ठांश यावरून.

आता महफूजाबद्दल सांगायला हवं. महफूजा म्हणजे खलफ बिन सैफची नात. खलफ आमच्या गावातला सगळ्यात भांडखोर म्हातारा. पाटाच्या अगदी टोकाला त्याची बाग, पण पाळी भली मोठी, पिढीजात. आणि त्याची नात इतकी अबोल की हजेरी घेताना मान वर करून बघावं लागतं, आहे की नाही ते. खेळात मात्र ती पटापट हात चालवायची. तिच्या शेजारची बाग गालियाची. गालियाच्या घरची पाळी अगदी चिमूटभर, त्यामुळे खेळातही तिची माती कोरडी पडायची, लावलेलं उगवायचं नाही. पण गालियाने कुठूनतरी एक घोडा पकडून माणसाळवला होता. तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा. सगळ्या वर्गाचा त्याच्यावर डोळा.

एका सोमवारी बघते तर दोघी हात मिळवतायत आणि वर्ग टाळ्या वाजवतोय. महफूजाने अर्धी पाळी गालियाला विकली होती. घोड्याच्या बदल्यात.

"साक्षीदार सगळे," गालिया म्हणाली. "बाईसुद्धा."

मी हसले आणि म्हटलं, बरं, बरं, पुढे चला. तिथे मी चुकले. मी या गावची, फलजच्या पाण्यावर वाढलेली, आणि मला कळू नये की आमच्याकडे साक्षीदारांसमोर झालेल्या पाण्याच्या सौद्याला कोणी बरं बरं म्हणून पुढे जात नाही.

पुढचं मला महफूजाच्या आईने सांगितलं. दुपारी सगळे भाताच्या परातीभोवती बसले होते. खलफने पोरीला विचारलं, आज काय शिकलात. आणि कधी नव्हे ती पोरगी बोलली, "आपली अर्धी पाळी मी विकली, आजोबा. घोडा मिळाला."

म्हाताऱ्याचा हात परातीवरच थांबला. "साक्षीदार होते?"

"सगळा वर्ग. आणि रयाबाई."

खलफ उठला, हात धुतले, आणि म्हणे जेवलाच नाही.

मंगळवारी सकाळी तपासणीस बाई आल्या. नजला त्यांचं नाव, मस्कतच्या, तरुण, हसऱ्या, हातात कागद. मी रात्रभर काय दाखवायचं याची उजळणी केली होती. आम्ही मोठ्या बाईंच्या खोलीतून निघणार, तेवढ्यात फाटकावरच्या रखवालदाराचा फोन आला. खलफ बिन सैफ आलेत. पांढरा शुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्याला सणाचा फेटा, कमरेला खंजीर. म्हणाले, तक्रार करायचीय.

माझ्या पाचावर धारण बसली. मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी चष्मा काढला.

पोरींच्या शाळेत पुरुषमाणसाला आत घेत नाहीत, म्हणून फाटकाशेजारच्या पाहुण्यांच्या खोलीत बसायचं ठरलं. नजलाबाई म्हणाल्या, मीही येते, पालक काय म्हणतात ते मला ऐकायचंय. म्हणजे आगीतून फुफाट्यात. मी त्यांच्यामागून चालले होते आणि मनात एकच, की उद्यापासून पुन्हा तो धडा वाचायचा. त्या डुलणाऱ्या माना, ती गालियाची जांभई. आणि महफूजा पुन्हा भिंतीत शिरून बसणार. मला ते नको होतं. खरं सांगते, त्या फरशीवर मी लहान पोरीसारखा पाय आपटला असता.

आणि आमच्याकडे आलेल्या माणसाला काय काम आहे असं सरळ विचारत नाहीत. खजूर आला. खलफने एक उचलला, सावकाश खाल्ला, बी बशीत ठेवली. रखवालदाराच्या बायकोने कहवा ओतला, आमची बिनदुधाची कॉफी.

"काय खबर, खलफकाका?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"खबर काही नाही. सगळं खैरियत. तुमच्याकडे काय खबर?"

"खबर नाही. देवाची कृपा. घरचे कसे आहेत?"

"छान. देवाची कृपा. तुमचे वडील गेले, फार मोठा माणूस होता."

"देवाची मर्जी."

दुसरा पेला. खलफने तोही घेतला. पोटात तक्रार घेऊन आलेला माणूस बकरीची तब्येत, डोंगरावरचे ढग, कुणाच्या जावयाची गाडी असं एकेक काढतोय. माझा जीव टांगणीला. मनात म्हटलं, अरे बाबा, काय तो सुरा फिरव एकदाचा. तिसऱ्या पेल्यानंतर त्याने पेला हातात हलवला, म्हणजे पुरे. रखवालदाराच्या बायकोने किटली उचलली. खलफने काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली.

"जुवैना पोरी, मी तक्रार घेऊन आलोय."

"बोला, काका."

"तुझ्या शाळेत माझं अर्धं पाणी विकलं गेलं. घोड्याच्या बदल्यात. आमच्या घराण्यात पाणी विकणारा कोणी झाला नाही, आणि घोड्यासाठी तर नाहीच. सगळ्यांसमोर झालंय, ही बाई साक्षीदार आहे," त्याने काठी माझ्याकडे रोखली, "आणि मी आज गप्प बसलो, तर उद्या लोक म्हणतील खलफला ठाऊक होतं आणि त्याने हरकत घेतली नाही. म्हणून हरकत घ्यायला आलोय."

नजलाबाईंनी हळूच माझ्या कानात विचारलं, "खरं पाणी विकलं का?" मी मान हलवून नाही म्हटलं.

मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या याच गावच्या. "तुमचं बरोबर आहे, काका," त्या म्हणाल्या. "माझीच चूक, मी परवानगी दिली. आजपासून तो खेळ बंद. आत्ता यंत्रं झाकायला सांगते. रया, ऐकलंस?"

मी ऐकलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि नजलाबाईंसमोर आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"बंद?" खलफ म्हणाला. "बंद कसा? कोणाला विचारून?"

"तुमची तक्रार आली ना, काका."

"तक्रार आली म्हणून बंद? अगं, आज बंद केलास तर काय राहील? माझं अर्धं पाणी शेजाऱ्याकडे, आणि ते तसंच राहील, कायमचं. मिटलेलं नसताना वर झाकण घालतात का कुठे? उघड तो खेळ. माझं पाणी माझ्या बागेत येताना मला बघू दे. सगळ्यांसमोर गेलंय, सगळ्यांसमोर परत येईल."

मोठ्या बाईंनी रखवालदाराच्या बायकोला संगणक आणायला पाठवलं. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहिलं.

मग काय, संगणक पाहुण्यांच्या खोलीत आला, भिंतीवर चित्र पडलं, आणि महफूजा आणि गालिया दोघींना बोलावलं. बाकीचा वर्ग गणिताच्या बाईंना चुकवून दाराबाहेर गोळा झाला होता, ते मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. भिंतीवर आमचं गाव उमटलं. ठोकळ्यांचा डोंगर, मशीद, पाट, खजुरांच्या रांगा. खलफ पुढे सरकला. काठीच्या टोकाने पाटाचा रस्ता गिरवत गेला.

"इथे वळण चुकलंय," तो म्हणाला. "असो. दारं कुठाय?"

महफूजाने दाखवलं.

"आता ऐका. पहिला मुद्दा, विकणारी वयाने अज्ञान आहे, सौदा रद्द. दुसरा मुद्दा, मालक मी, मला विचारलं नाही, सौदा रद्द."

"आजोबा," गालिया म्हणाली. माझ्या अंगावर काटा आला, कारण तिचा तो आवाज मला ठाऊक आहे. "मीही अज्ञानच आहे. म्हणजे मी घोडा दिला तेही रद्द. माझा घोडा परत द्या."

"ने की. आम्हाला काय करायचाय घोडा?"

"तो मेला."

"कसा मेला?"

"कालच, तास संपता संपता, महफूजाने मूळ विहिरीवरून उडी मारायला लावली. आत पडला."

खलफ नातीकडे वळला. त्याचा चेहरा खरंच उतरला होता. "मूळ विहिरीत? आणि पाणी?"

"सगळ्यांनी मिळून साफ केलं, आजोबा."

"हां," तो म्हणाला. "मग ठीक."

"ठीक कसं?" गालिया म्हणाली. "माझ्या घोड्याचं काय? वस्तू वापरून मारली, आणि आता सौदा रद्द म्हणता. असं चालतं का?"

खलफने तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "कोणाची गं तू?"

"मसऊदची."

"तरीच. बापाला असं बोलता आलं असतं तर पाळी चिमूटभर राहिली नसती त्याची."

नजलाबाई इतका वेळ लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली. "मला एक विचारू का? हा खेळ मी पाहिलाय. यात एका बादलीचं पाणी कधी संपत नाही. मग गालियाच्या बागेत आणखी एक बादली ओतली असती तर भांडणच नव्हतं. का नाही ओतली?"

खोलीत सगळे गप्प झाले. दाराबाहेरची कुजबुजसुद्धा थांबली. चांगल्या घरात कुणीतरी भलतंच बोलून गेल्यावर होतं ना, तसं. पोरींनी खाली बघितलं. मोठ्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"बाईसाहेब कुठल्या गावच्या?" खलफने मऊपणे विचारलं.

"मस्कतच्या."

"हां. नळाचं पाणी," तो म्हणाला आणि त्यांना आणखी एक खजूर दिला.

नजलाबाई लाल झाल्या. मग हसू लागल्या आणि कागदावर भराभर काहीतरी लिहायला लागल्या. त्यांना काय कळलं ते मला कळलं, आणि त्या मला एकदम आवडल्या.

"चल," खलफ नातीला म्हणाला. "दारं फिरव. आपलं पाणी आपल्याकडे घे."

महफूजाने माऊस धरला, पण हात हलवला नाही.

"काय झालं?"

"घोड्यासाठी नाही विकलं मी," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की खलफ पुढे वाकला. "बाईंनी सांगितलं होतं, बाग खरी आहे तशीच करायची. मी तशीच केली. मग आपलं पाणी सोडलं तर, हे बघा."

तिने पाणी सोडलं. ठोकळ्यांच्या पाटातून ते वळत वळत टोकाला गेलं, खलफच्या बागेत शिरलं, वरच्या खजुरांना भिजवलं आणि खालच्या पट्ट्यात उतरलं. तिथे काही नव्हतं. नुसती माती. पाळी संपेपर्यंत पाणी त्या उघड्या मातीवर पसरत राहिलं. शेजारी गालियाचं शेत कोरडं ठणठणीत.

"तिथली झाडं मेली त्याला किती वर्षं झाली, आजोबा," महफूजा म्हणाली. "आपण अजून पाणी सोडतो. मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, नाही सोडलं तर लोक म्हणतील आपण हक्क सोडला. पण इथे मला ते रोज दिसायचं. मला बघवेना. गालियाने फुकट घेतलं नसतं, म्हणून घोडा म्हटलं."

मला वाटलं आता काठी आपटेल. मी तर एक पाऊल पुढेही टाकलं, पोरीच्या आणि त्याच्या मध्ये यायला. खलफ भिंतीकडे बघत होता. त्याच्या त्या खालच्या पट्ट्यातली झाडं कीड लागून गेली तेव्हा तो रडला होता म्हणतात. खरं-खोटं देव जाणे, पण तिथे त्याने पुन्हा काही लावलं नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

"विकणार नाही," शेवटी तो म्हणाला. "पाणी विकलं जात नाही. उसनं देता येतं. या उन्हाळ्यापुरतं." मग गालियाकडे वळून, "बापाला सांग, शुक्रवारी माझ्या पाळीत दारं धरायला ये म्हणावं. अर्ध्यावर तुमच्याकडे फिरवतो. खऱ्या पाटावर सांगतोय मी, इथल्या नाही. इथलंही फिरवा, नाहीतर ही पोरगी जेवायची नाही."

गालियाने खाली वाकून म्हाताऱ्याच्या फेट्यावर ओठ टेकवले आणि बाहेर पळाली. बाहेर पोरींचा एकच गलका झाला.

मी डोळे पुसत होते. नजलाबाईंनी मला रुमाल दिला. पण मोठ्या बाई अजून चष्मा हातात धरून बसल्या होत्या, आणि मला ती खूण ठाऊक होती.

"फार चांगलं झालं, काका," त्या म्हणाल्या. "मिटलं. पण मी शब्द दिला होता. एक तक्रार आली की यंत्रं बंद. तक्रार आली. शब्द तो शब्द, रया."

मी काही बोलणार तेवढ्यात खलफ म्हणाला, "मिटलं म्हणालं कोण? तक्रार मी मागे घेतलेली नाही."

"म्हणजे?"

"पाणी उसनं दिलंय. उन्हाळा संपल्यावर परत येतं की नाही ते बघायला नको? तोवर तक्रार उभी आहे. आणि तक्रार उभी असताना पाटाला कोणी हात लावत नाही. ना दारं हलवायची, ना बुजवायचं. हा नियम माझा नाही, पोरी. तुझ्या बापाने याच नियमावर माझं पाणी दोन उन्हाळे अडवून धरलं होतं."

मोठ्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या पाटाकडे. हिलालची लेक ती, बापाचा नियम मोडायची नाही. त्यांनी चष्मा घातला.

"रया," त्या म्हणाल्या, "यंत्रं बंद करता येणार नाहीत. तक्रार चालू आहे."

मी खलफला फाटकापर्यंत पोचवायला गेले. त्याने वाटेत विचारलं, पुढची सुनावणी कधी. मी म्हटलं, पुढच्या मंगळवारी, दुसऱ्या तासाला.

फाटकाशी तो थांबला. फेटा नीट केला, जिथे गालियाने ओठ टेकवले होते तिथे हात लावून बघितला.

"ही माझी नात," तो म्हणाला, "आई मेल्यासारखी वाढली, आई असून. घरात कुणाशी बोलत नाही. डॉक्टर झाले, दर्ग्यावर नेऊन झालं. आज सगळ्यांसमोर उभी राहून बोलली. आणि कोणाविरुद्ध बोलली, माझ्याविरुद्ध." त्याचे डोळे भरले होते, आणि तो ते लपवत नव्हता. "मंगळवारी मी वळणाचा मुद्दा काढतो. ते चुकलंय, ती ऐकणार नाही. तुम्ही मध्ये पडू नका, बाई. भांडण लांबलं पाहिजे."

मी म्हटलं, नाही पडणार.